ऑपरेशननंतर रोज ६५ ग्रॅम प्रोटीन: पोटात मावेल आणि खिशाला झेपेल असं

प्रश्न कळव्याच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: चार महिन्यांपूर्वी स्लीव्हचं, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. वजन २० किलोच्या वर उतरलं, पण केस मूठमूठ गळताहेत आणि स्टेशनचा जिना चढताना पाय भरून येतात. रोज ६५ ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगितलं आहे. प्रोटीन पावडरचा डबा तीन हजारांच्या पुढे जातो आणि त्याच्या वासानेच मळमळतं. नोकरी रबाळ्याला. सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहार, शिवाय चतुर्थीचा उपास. रोज वरण आणि नाचणीचं सत्त्व घेते, रविवारी पाया सूप. तरी प्रोटीन कमी पडतंय म्हणतात. स्वस्तात काय करू?

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मग. तुम्ही चार महिने पार केलेत आणि घट्ट अन्न पचतंय, तर पावडरशिवाय ६५ ग्रॅम नक्की होतात. कळव्याच्या किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवर होतात आणि डब्यापेक्षा कमी खर्चातही होतात. फक्त तुम्ही आज ज्या तीन गोष्टींवर भरवसा ठेवलाय, त्या तिन्हींत कामाला येईल असं प्रोटीन जवळजवळ नाही. दोष तुमचा नाही. आपल्याकडे घराघरांत आजाऱ्याला हेच ‘ताकदीचं’ म्हणून देतात.

ठाण्यात ऑपरेशन झालेल्या लोकांचा आहार बघत मला बरीच वर्षं झाली, आणि हीच तीन नावं मी सगळ्यात जास्त ऐकते. पातळ वरणाच्या अर्ध्या वाटीत डाळ असते दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रोटीन दोन ग्रॅम. वरचं निवळ पाणी घेतलंत तर तेवढंही नाही, डाळीचं प्रोटीन तळाशी राहतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, त्यासाठी ती चांगलीच. पण १०० ग्रॅम नाचणीत प्रोटीन सातच ग्रॅम, आणि सत्त्व काढताना भिजवून, वाटून, गाळून जे हाती येतं तो मुख्यतः स्टार्च असतो. पाया सूपचं थंड झाल्यावर जे थलथलीत होतं ते जिलेटिन. ते प्रोटीनच आहे, पण त्यात ट्रिप्टोफॅन हा शरीराला अत्यावश्यक घटक नसतो, त्यामुळे स्नायू भरून काढायला ते एकटं पुरत नाही. आवडत असेल तर रविवारी जरूर प्या, हिशेबात धरू नका.

आता पोटाचा हिशेब. स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढलेला असतो आणि सुरुवातीला एका वेळी १०० ते १५० मिली एवढंच मावतं. म्हणजे एक लहान वाटी. दिवसातून पाच-सहा वेळा खाल्लंत तरी सगळं मिळून पाच-सहा वाट्या, आणि त्यात ६५ ग्रॅम बसवायचेत. त्यामुळे तुमच्यासाठी प्रश्न एकच: या अर्ध्या वाटीत किती ग्रॅम आहेत? पाच ग्रॅमच्या खाली असेल तर ते तुमचं मुख्य खाणं नाही.

म्हणूनच एक लोकप्रिय सल्ला मी तुम्हाला देणार नाही. दळणाच्या गव्हात सोयाबीन टाका, असं सगळे सांगतात. घरच्या बाकीच्यांसाठी उत्तम आहे, ते दोन-तीन पोळ्या खातात. तुम्ही अर्धी पोळी खाता. किलोभर गव्हात १०० ग्रॅम सोयाबीन टाकलंत तर तुमच्या अर्ध्या पोळीत भर पडते ती एका ग्रॅमहूनही कमी. मोड आलेल्या कडधान्यांचंही तसंच. मटकीची उसळ पौष्टिक खरी, पण ती पाणी पिऊन फुगलेली असते आणि सालं चावायला वेळ लागतो. अर्ध्या वाटीतून चार ग्रॅम मिळेपर्यंत तुमचं पोट भरतं. तोंडीलावणं म्हणून दोन चमचे ठीक.

मग खायचं काय? सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरू करते: सोया वडी. कोरड्या वडीत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. २० ग्रॅम कोरडी वडी घेतली की १० ग्रॅम प्रोटीन झालं आणि खर्च आला तीन-चार रुपये. याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. बहुतेकांना ती आवडत नाही, कारण ती अख्खी रश्श्यात टाकतात आणि ती रबरासारखी लागते. ती अशी करा. बारीक दाणेवाली सोया घ्या, मोठी वडी असेल तर नंतर मिक्सरला एकदाच फिरवा. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, ते पाणी फेका, गार पाण्यात घालून घट्ट पिळा, आणि हे पिळणं दोनदा करा. कच्चा वास त्या पाण्याबरोबर जातो. मग चमचाभर तेलावर कांदा, आलं-लसूण, टोमॅटो चांगले गळेपर्यंत परता, घरचा मसाला घाला, सोया टाका, दोन चमचे फेटलेलं दही घाला आणि झाकण ठेवून दहा मिनिटं मंद आचेवर शिजू द्या. दही आणि वाफ या दोन गोष्टींनी तो खिमा मऊ होतो, घशाशी अडकत नाही. २० ग्रॅम कोरड्याचा शिजून अर्धी वाटी खिमा होतो, तुम्हाला नेमका तेवढाच हवा. पहिल्या आठवड्यात निम्म्यापासून सुरू करा, नाहीतर गॅस होईल. थायरॉइडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही थायरॉइडच्या गोळीपासून तेवढंच अंतर लागतं.

दुसरी वस्तू दूध पावडर, आणि मी म्हणतेय ती साधी स्किम्ड मिल्क पावडर. चहासाठी मिळणारं डेअरी व्हाइटनर वेगळं, त्यात साखर असते. पाकिटावर घटक वाचूनच घ्या. १५ ग्रॅम पावडरीत, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत, पाच ग्रॅम प्रोटीन. १५० मिली टोन्ड दुधात ती घोळवली की कपाची मात्रा तेवढीच राहते आणि प्रोटीन पाचवरून दहावर जातं. तुम्हाला डब्यातल्या पावडरच्या वासाचा त्रास आहे, याला दुधाशिवाय दुसरा वास नाही. वेलची किंवा किंचित सुंठ घाला. साखर, गूळ नको. स्लीव्हनंतरही काहींना गोडाने घाम फुटतो, धडधडतं. पोटाचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना हा त्रास जास्त होतो. दुधाने पोटात गुडगुडत असेल तर हीच पावडर दही लावताना दुधात मिसळा, दही घट्टही लागतं.

दह्यावरून चक्का. अर्धा लिटर दुधाचं दही लावा, पातळ फडक्यात रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीवर बांधून ठेवा. साधारण २०० ग्रॅम चक्का आणि १२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हाती येतं. दुकानात ‘ग्रीक’ म्हणून छोट्या डब्यांत जे विकतात ते जवळपास हेच, किंमत मात्र कितीतरी पट. यात साखर घालून श्रीखंड करू नका. काकडी किसून पिळून घाला, जिरेपूड, मीठ, वरून हिंग-मोहरीची फोडणी. किंवा भाजलेल्या वांग्याच्या भरतात कालवा. निथळलेलं पाणी ओतून देऊ नका, घरच्यांची कणीक त्यात भिजवा.

अंडं तुम्हाला माहीतच आहे. एकात सहा ग्रॅम. पिवळं टाकून देऊ नका, जवळजवळ निम्मं प्रोटीन, बी-१२ आणि बरंच काही त्यातच आहे. चार महिन्यांनी अनेकांना उकडलेलं अंडं कोरडं वाटतं, छातीत बसल्यासारखं होतं. तसं असेल तर पिठल्यात घाला: पिठलं पळीवाढं झालं की एक अंडं फेटून हळूहळू सोडायचं आणि सतत ढवळायचं. ३० ग्रॅम बेसनाचे साडेसहा आणि अंड्याचे सहा, असं छोट्या वाटीभर पिठल्यात १२ ग्रॅम होतात, शिवाय ते मऊ असतं आणि घरच्या पातेल्यातूनच काढता येतं.

फुटाण्यांना मी कायम पिशवीतला खुराक म्हणते. २५ ग्रॅममध्ये पाच-साडेपाच ग्रॅम. सालं काढून घ्या आणि अगदी पीठ होईपर्यंत चावा, नाहीतर घरूनच मिक्सरला पूड करून ताकात ढवळून प्या. खरेदी ठाण्यात जांभळी नाक्याला करता येते, किंवा एखाद्या दिवशी रबाळ्याहून उलट दिशेला तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, दाणा बाजारात जाऊन घरातल्या सगळ्यांसाठी महिन्याचं एकदम घेता येतं. शेंगदाण्यांत प्रोटीन फुटाण्यांपेक्षा थोडं जास्तच आहे, पण वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. चटणीपुरते ठेवा, बशी घेऊन बसू नका.

आता मासळी. कळवा, ठाणे, नवी मुंबईत राहणाऱ्याला हे मोठं सुख आहे आणि लोक ते वापरत नाहीत. स्लीव्ह झालेल्या पोटाला कोंबडीपेक्षा मासा सोपा जातो, कारण त्याचे धागे आखूड असतात आणि तो लवकर सुटतो. पापलेट-सुरमईच्या मागे जायची गरज नाही. बांगडा आणि तारली प्रोटीनमध्ये त्यांच्या तोडीस तोड आहेत आणि भावाने बऱ्याच खाली. शिजलेल्या ६० ग्रॅम तुकड्यात १२-१३ ग्रॅम मिळतात. ओला बोंबील मात्र बहुतेक पाणीच असतो, आवडला तरी तो त्या दिवसाचा मुख्य भाग धरू नका. तळू नका, आमसुलाच्या पातळ कालवणात शिजवा, काटे आधी काढून मग ताटात घ्या. चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरजवळ दिवाळ्याला जाणं जमत असेल तर दुपारनंतर भाव उतरतात, पण त्या वेळी मासळीचे कल्ले लाल आहेत ना ते बघूनच घ्या.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळी. आगोटला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, ती भरून ठेवणाऱ्या घरांत याचं महत्त्व सांगावं लागत नाही. पाणी गेलेलं असल्यामुळे सुक्या बोंबलात, जवळ्यात, सोड्यांत वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रोटीनच असतं. २० ग्रॅम सुका जवळा म्हणजे १० ग्रॅम, आणि तो अर्ध्या वाटीहूनही कमी जागेत बसतो. नुसती उन्हात वाळवलेली मासळी आणि मिठात खारवलेली मासळी यांत फरक करा. खारा बांगडा वगैरे तुमच्यासाठी नको, ब्लडप्रेशर असेल तर अजिबातच नको. जवळा निवडून, चाळून, दोन पाण्यांतून काढून, कांद्यावर परतून ओलसर करा. कोरड्या सुकटीची चटणी दिसते थोडी पण घशाला टोचते. युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर सुकी मासळी आणि कलेजी डॉक्टरांना विचारूनच खा, वजन भराभर उतरत असताना गाऊटचा त्रास उसळू शकतो.

चिकनचं एवढंच सांगते: अख्खा उकडलेला तुकडा घेऊ नका, खिमा आणा आणि दह्यात शिजवा.

तुमच्या तीन शाकाहारी दिवसांना सोया, चक्का, दूध पावडर आहेतच. त्यांत पनीर आणि मुगाचं धिरडं घाला. पनीर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम. सुटं, फार स्वस्त पनीर टाळा. बाजारात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेलं ‘अॅनालॉग’ही पनीर म्हणून खपवलं जातं. एक लिटर दूध लिंबाने नासवलंत तर घरी दीडशे ग्रॅमच्या वर पनीर होतं आणि त्याची खात्री असते. ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून, त्यात २० ग्रॅम पनीर कुस्करून दोन लहान धिरडी घातली की १२-१३ ग्रॅम होतात, आणि ती डब्यात गार झाल्यावरही मऊ राहतात.

दिवस कसा बांधायचा ते तुमच्या नोकरीवर बसवून सांगते. सकाळी निघायच्या आधी दूध पावडर घातलेलं दूध, १० ग्रॅम. कामावर पोचल्यावर नऊच्या सुमारास एक अख्खं अंडं आणि एक पांढरं यांची मऊ भुर्जी, साडेनऊ. शाकाहाराच्या दिवशी त्याऐवजी धिरडं. साडेअकराला ताकात फुटाण्याची पूड, पाच. जेवणाला सोया खिमा आणि दोन-तीन चमचे घट्ट वरण, १२-१३. पाचला, लोकल पकडायच्या आधी, अर्ध्या वाटीहून थोडा जास्त चक्का, सहा-सात. रात्री बांगडा किंवा ६० ग्रॅम पनीर, ११ ते १३. झोपण्याआधी कपभर दूध, चार-पाच. ६० च्या आसपास इथेच झाले. उरलेले वरणाच्या जाडीतून, रात्रीच्या दुधात थोडी पावडर घालून निघतात. सगळं मिळून रोजचा खर्च ७० ते ९० रुपयांच्या घरात बसतो, मासळीच्या दिवशी थोडा वर, आणि यातलं निम्मं तर घरात असंही शिजतंच.

खाताना क्रम पाळा, कारण सगळं काम त्यावर आहे. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर पोळी-भात. भात आधी खाल्लात तर खिम्याला जागा राहणार नाही. घास लहान, एक जेवण २० ते ३० मिनिटांचं. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही, पण दिवसभरात घोट घोट करून दीड लिटर पोटात गेलंच पाहिजे. कंपनीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते आणि सगळे दहा मिनिटांत उठतात, हे मला ठाऊक आहे. तुम्ही उठू नका. डब्यातलं उरलं तर चारला खा. कोंबून खाल्लंत तर उलटी होईल आणि पुढचे दोन दिवस त्या पदार्थाची शिसारी बसेल.

उपासाबद्दल मला जरा जोर देऊन बोलायचं आहे. साबुदाण्यात प्रोटीन नसल्यातच जमा आहे, तो निव्वळ स्टार्च, वर तूप-दाणे. वाटीभर खिचडीने तुमचं पोट भरेल आणि त्या दिवशीचे ६५ चे १५ सुद्धा होणार नाहीत. पहिलं वर्षभर उपास करू नये असंच माझं मत आहे. श्रद्धेने सोडवत नसेल तर उपासाचेच पदार्थ बदला: दूध पावडरीचं दूध, चक्का, घरचं पनीर, राजगिऱ्याची लापशी दुधात शिजवून. असा दिवस ४० पर्यंत जातो. सासूबाईंना वाटत असेल की सून मोडता घालतेय, तर त्यांना सरळ सांगा की डॉक्टरांनी औषध म्हणून नेमून दिलंय. आजारपणात उपासाला सूट आपल्या घरांतून कायम दिली जाते, त्यात वाद होत नाहीत.

डब्यातल्या पावडरविषयी थोडंच. पहिले काही आठवडे, जेव्हा फक्त पातळ चालतं, तेव्हा ती लागतेच, त्यामुळे तुमचे ते पैसे वाया गेले नाहीत. उरलेली संपवायची असेल तर बिनवासाची कोमट पिठल्यात किंवा दह्यात मिसळा, उकळत्यात टाकलीत तर गुठळ्या होतात. आणि पुन्हा घ्यायची वेळ आलीच तर १०० ग्रॅममागे ७० च्या वर प्रोटीन आहे का ते बघा. वाढीसाठी, ताकदीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या माल्टच्या डब्यांत बरीचशी साखर असते.

केसांचं मन लावून घेऊ नका. वजन वेगाने उतरलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अनेकांचे केस गळतात, प्रोटीन पूर्ण घेणाऱ्यांचेही गळतात, आणि बहुतेकांचे काही महिन्यांत थांबून पुन्हा येतात. बायोटिनवर पैसे घालू नका, त्याने थायरॉइडच्या तपासणीचे आकडेही चुकू शकतात. पाय भरून येण्याचं कारण मात्र शोधायला हवं. वजनाबरोबर स्नायूही उतरताहेत का, की लोह किंवा बी-१२ कमी आहे, हे रक्त सांगेल. तोवर नेमून दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्या, आणि जेवणानंतर रोज चालण्याबरोबर खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम सुरू करा. स्नायू टिकायला नुसतं खाणं पुरत नाही.

पावलांवर सूज येत असेल, दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर वाट न बघता सर्जनना दाखवा. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील, किंवा उलट्यांबरोबर चालताना तोल जात असेल, डोळ्यांना दोन दोन दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. बी-१ कमी पडल्याने असं होतं आणि त्यात उशीर चालत नाही. किडनीचा त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा, तुमचं प्रमाण किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन करून घ्या. त्याआधी तीन दिवस, त्यात एक उपासाचा किंवा शाकाहाराचा, तोंडात गेलेलं सगळं मापाने लिहून ठेवा आणि तो कागद सोबत न्या. रिपोर्ट आणि कागद शेजारी ठेवून बघितले की आकडा ६५ वरच ठेवायचा की ७५-८० पर्यंत न्यायचा, हे तुमच्या टीमला नेमकं सांगता येईल.